रेघेवरचा ढोल

डेल्मिराला बेटाबद्दल कुणी साधं काही विचारलं, तरी तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. नुसतं तोंडानं सांगून ती कधी थांबली नाही. वाऱ्यानं जमिनीपर्यंत वाकवलेली साबिनाची झाडं खरंच आहेत का, असं कुणी विचारायचा अवकाश, ही गाडी वळवायची आणि त्याला झाडाखाली नेऊन उभं करायची. लाव्हा समुद्रात शिरला तिथे पोहायला तळी झालीत म्हणे? चला, टॉवेल घ्या. तिची आतेबहीण ओब्दुलिया म्हणायची, "आमची डेल्मिरा पाहुण्यांना बेट नाही दाखवत, बेटाला पाहुणे दाखवते."

डेल्मिरा ला बेर्मेहाची. एल इएरो बेटाच्या कण्यावर, तांबड्या राखेच्या एका टेकाडाला धरून बसलेली ही वस्ती. मोजकी घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद. कुणी व्हेनेझुएलात गेलं, कुणी शेजारच्या मोठ्या बेटावर हॉटेलात कामाला लागलं. एरवी ला बेर्मेहाला कोण विचारतो? पण दर चार वर्षांनी जुलैत एक दिवस असा येतो, की ला बेर्मेहा राजधानीच्या नाकाला नाक लावून उभी राहते.

त्या दिवशी मरियामातेची पालखी पश्चिम टोकाच्या देवळातून उजाडताच निघते आणि सगळा डोंगरकणा चालून संध्याकाळी राजधानीत, वाल्वेर्देला, पोचते. वाटेवरच्या प्रत्येक गावाचा आपला टप्पा ठरलेला आहे. आपल्या टप्प्यात पालखी आपल्याच खांद्यावर, पुढे नाचणारे आपले, बासरी आपली, ढोल आपला. टप्पा संपतो तिथे रेघ. रेघ म्हणजे वाटेच्या कडेचा एक दगड, एखाद्या परक्यानं खुशाल बसून पाव खावा असा. पण त्या दिवशी त्या दगडापाशी अलीकडचं गाव आणि पलीकडचं गाव समोरासमोर येतं, दोन ढोल एकमेकांच्या तोंडावर वाजतात, आणि जो आधी थांबला तो हरला. मग पुढची चार वर्षं त्याला बाजारात, लग्नात, मयतीत, जिथे भेटेल तिथे ऐकवायचं.

आणि ज्या गावाचा ढोल रेघेवर आलाच नाही, त्याला पालखीच नाही. अलीकडचं गाव ती तशीच पुढे नेतं. उसना ढोल चालत नाही. लोस तोमियोसचे लोक फार पूर्वी एकदा दारू पिऊन झोपले आणि रेघ चुकली. ते झोपलेले लोक केव्हाच मेले, पण त्यांच्या नातवंडांना अजून सगळं बेट 'झोपाळू' म्हणतं. नवऱ्या मुलाच्या आईनं सोयरिकीच्या बैठकीत तेवढं एक बोलून दाखवावं आणि सगळ्यांनी हसावं, असं चालू आहे.

ला बेर्मेहाचा ढोल डेल्मिराचे वडील उबाल्दो यांच्या गळ्यात होता, ती जन्माला यायच्या आधीपासून. पण आता त्यांचे हात थरथरत. कॉफीचा पेला ओठांपर्यंत जाताना निम्मा बशीत उतरे. या वर्षी ढोल डेल्मिराच्या गळ्यात जायचा होता, आणि बाईनं ढोल वाजवायचा म्हणून नव्हे, तर डेल्मिरानं वाजवायचा म्हणून लोकांना काळजी होती.

"हात गेले माझे, कान नाही गेले," उबाल्दोंनी तिला सांगितलं होतं. "चुकलीस तर मला कळेल."

ढोलाला नवं बकऱ्याचं कातडं चढवून घेऊन ती कारागिराच्या दारातून बाहेर पडत होती, तेव्हा निकासियो भेटला. निकासियो अलीकडच्या गावचा, एल ब्रेसालचा. तिच्याच वर्गात होता, पाठीमागच्या बाकावर. बकऱ्या पाळायचा, चीज करायचा आणि एल ब्रेसालचा ढोल वाजवायचा. ला बेर्मेहाच्या रेघेवर त्याचा ढोल आधी थांबल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"काय डेल्मिरा, ढोल नेतेस की पाहुण्यांना बसायला स्टूल?"

"तुझ्या तोंडावर बसवायला झाकण नेतेय."

"बघ हां. आम्ही रेघेवर येऊ तेव्हा तू कुठल्या तरी गोऱ्याला दगड दाखवत बसशील. मग आम्हालाच पालखी वाल्वेर्देपर्यंत न्यावी लागेल. खांदे दुखतील गं आमचे."

"तुझे खांदे दुखू नयेत म्हणून तरी येईन," डेल्मिरा म्हणाली. पण ते तिला लागलं. रात्रभर कूस बदलताना ते 'दगड दाखवत बसशील' तिच्या कानात राहिलं.

पालखीच्या दिवशी तिच्या गाडीत दोन पाहुणे होते. हार्म आणि वित्स्के, हॉलंडचे, पिकल्या केसांचं जोडपं. त्यांचा देश समुद्रापेक्षा खाली आहे, हे ऐकल्यापासून डेल्मिराला त्यांची कीव येत होती. हार्मला प्रत्येक गोष्टीची उंची हवी असे. वित्स्के काही विचारत नसे, नुसती बघे, आणि एकदा बघायला लागली की तिला हलवणं मुश्कील. दोघं आपलं मोडकंतोडकं स्पॅनिश न लाजता बोलत.

अशा दिवशी पाहुणे कशाला घ्यायचे, असं ओब्दुलियानं विचारलंच होतं. डेल्मिरा म्हणाली, "अशा दिवशी नाही दाखवायचं तर कधी दाखवायचं? बाकीचे दिवस काय, दगडच आहेत." आपलंच वाक्य ऐकून तिनं जीभ चावली.

ढोल गाडीत होता. पहाटे ओब्दुलियाच्या हवाली कर, ती बासरीबरोबर नेईल, असं उबाल्दोंनी बजावलं होतं. डेल्मिरानं ऐकलं नाही. डोंगरावर धुकं उतरतं, नवं कातडं आहे, तासभर जरी त्या ओलाव्यात राहिलं तरी पोळीसारखं मऊ पडेल. गाडीत उबेला राहू दे, रेघेवर ऐनवेळी काढू. यात चूक काही नव्हती. बेटावरचा कुठलाही ढोलवाला हेच म्हणाला असता. म्हणूनच तर घोटाळा झाला.

सकाळ झकास गेली. देवळातून पालखी निघाली, पांढरे कपडे आणि रंगीत फितींच्या टोप्या घातलेले नाचणारे पुढे झाले, लाकडी चिपळ्यांचा कडकडाट सुरू झाला. वित्स्केनं डोळे पुसले आणि डेल्मिराला वाटलं, हे सगळं आपणच घडवून आणलंय. मग साबिनाची झाडं झाली. दुपारी डोंगरमाथ्यावरच्या क्रुसापाशी पालखी टेकली आणि जेवणं बसली. या जेवणात कुणी आपलं-परकं बघत नाही. ज्याच्या चादरीवर बसाल तो तुमचा यजमान. हार्म तीन चादरींवर जेवला. मिठात उकडलेले सुरकुतलेले बटाटे, बकरीचं मटण, भाजक्या धान्याच्या पिठाचे गोळे, वर घरची वाइन. निकासियोच्या बायकोनं हार्मच्या हातात चीजचा केक ठेवला, तेव्हा निकासियो पलीकडून ओरडला, "खाऊ घाल, खाऊ घाल. आज पालखी आपल्यालाच शेवटपर्यंत न्यायचीय, पाहुण्यालाही खांदा द्यावा लागेल."

सगळे हसले. डेल्मिराही हसली, दात दाखवण्यापुरती.

आणि नेमकं तेव्हा वित्स्केनं, जी कधी काही विचारत नसे, विचारलं, "डेल्मिरा, ते झाडातून पाणी पडतं म्हणतात, ते खरं?"

झालं. डेल्मिरानं उन्हाकडे बघितलं. जेवण अजून निम्म्यात होतं, त्यानंतर लोक आडवे होतात, गातात, म्हाताऱ्या माणसांची झोप होते. पुढचा टप्पा ब्रेसालचा, तोही काही छोटा नाही. झाड गाडीनं फार लांब नाही. जाऊन येऊ.

"बस खाली," ओब्दुलिया म्हणाली. "झाड काही पळून जात नाही."

"पाहुणे उद्या जातायत ना."

"जाऊ देत की! झाड त्यांच्या मागे पत्र पाठवेल."

"केक संपायच्या आत परत येते," डेल्मिरा म्हणाली. उबाल्दोंनी नुसतं गाडीकडे बघितलं, आणि डेल्मिराला कळलं की ते ढोलाकडे बघतायत. पण तोवर ती उठली होती, आणि उठल्यावर परत बसायचं म्हणजे निकासियोसमोर बसायचं.

झाडापाशी मात्र जे बघायला मिळालं त्याला तोड नव्हती. समुद्राकडून धुकं चढत होतं, पानापानाला अडकत होतं, आणि झाडाच्या बुंध्यावरून, फांद्यांवरून, शेवाळातून टपटप पाणी खालच्या खड्ड्यांत पडत होतं. हार्म ओंजळ धरून उभा राहिला.

"यावर माणसं जगली?"

"सगळं बेट जगलं," डेल्मिरा म्हणाली. "नदी नाही, ओढा नाही, झरा म्हणाल तर नावाला. ज्वालामुखीनं आम्हाला जमीन दिली, पण पाणी द्यायला विसरला. मग लोकांनी ढगाकडून घेतलं. जुनं झाड चारशे वर्षांपूर्वी वादळात पडलं, हे मागाहून लावलेलं. पण काम तेच करतंय, बघा. शिकवायला लागलं नाही."

वित्स्के बघत राहिली. तिला हलवणं मुश्कील. डेल्मिरालाही हलावंसं वाटेना. इतकं दाट धुकं तिनं जुलैत बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. इतकं दाट धुकं. आणि ते मनात येताच तिनं डोंगरमाथ्याकडे बघितलं. इथे इतकं, तर वर काय असेल?

फोन वाजला. ओब्दुलिया धापा टाकत बोलत होती. "कुठे आहेस? वर पांढरं झालंय सगळं. मरियामाता भिजू नये म्हणून जेवणं आवरली. कधीच आवरली. ब्रेसालवाल्यांनी पालखी उचललीय, नाचत सुटलेत. निकासियो तर आज असा वाजवतोय, की..." आणि फोन तुटला.

डेल्मिराच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं पाहुण्यांना अक्षरशः गाडीत कोंबलं. वळणावळणाच्या रस्त्यानं ती जी सुटली, ती डोंगराच्या खांद्यावर येऊन थांबली, कारण पुढे रस्ताच उरला नव्हता. बेटावरच्या सगळ्यांनी आपापल्या गाड्या दोन्ही कडांना लावल्या होत्या आणि मधल्या उरल्या जागेत एक बस आडवी अडकली होती. बसचा ड्रायव्हर खाली उतरून, जे होईल ते होवो अशा चेहऱ्यानं सिगारेट ओढत होता.

"किती वेळ लागेल?" तिनं विचारलं.

"बाई, देवाला विचारा. तो आज वरच आहे."

तिनं मागचं दार उघडून ढोल काढला. इथून एक जुनी वाट सरळ वर जायची, काळ्या राखेच्या उतारावरून, पाइनच्या झाडांमधून, ला बेर्मेहाच्या टेकाडापर्यंत. बकऱ्या आणायला ती लहानपणी बाबांबरोबर याच वाटेनं जायची. तिनं ढोल गळ्यात अडकवला, आणि तेवढ्यात वित्स्केनं आपला पिवळा रेनकोट काढून ढोलाभोवती गुंडाळला. कुणी सांगितलं नव्हतं. बघत राहणाऱ्या माणसांना कधीकधी बरोबर दिसतं.

"किती उंच आहे हे?" हार्मनं विचारलं.

"चढल्यावर सांगते," डेल्मिरा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणा पाहुण्याला एका वाक्यात उत्तर दिलं.

राख पायाखालून निसटत होती. पाऊल वर टाकावं आणि निम्मं परत खाली यावं. मागे हार्म दोनदा बसला आणि दोनदा उठला. धुकं इतकं, की पुढचं झाड नाकाला लागेपर्यंत दिसेना. आणि त्या पांढऱ्यातून, डावीकडून वरून, तिला ब्रेसालचा ढोल ऐकू आला. खणखणीत, भरलेला, एका लयीतला. निकासियो वाजवत होता यात शंका नव्हती. बेटावरच्या कुठल्याही माणसाला डोळे मिटून ढोल ओळखता येतो, तसा तिलाही येत होता. आवाज सरकत होता. शेवटच्या वळणावर आला. वळला. आता रेघ समोर.

ती थांबली. पोचणं शक्य नव्हतं. अजून सगळं टेकाड वर जायचं, मग पलीकडच्या उतारानं खाली. पण थांबली ती पायांमुळे नाही. लाजेनं थांबली. झोपाळूंना निदान दारू चढली होती. आपल्याला काय चढलं होतं? ला बेर्मेहाच्या पोरांना आता लोक काय म्हणतील ते तिला स्पष्ट ऐकू आलं: 'दगड दाखवणारे.' तिच्या एकटीच्या नाकासाठी सगळ्या गावाचं नाक जाणार होतं. आणि तिथे रेघेवर बाबा उभे असतील, पांढऱ्या कपड्यात, थरथरते हात पाठीमागे धरून, आणि त्यांना वाटत असेल की पोरगी विसरली.

हे शेवटचं तिला सहन होईना. बाकी सगळं गेलं तर जाऊ दे. पण विसरले नाही, वाटेवर आहे, ढोल माझ्याजवळ आहे, एवढं तरी बाबांना कळायला हवं. हात गेलेत, कान नाहीत.

तिनं रेनकोट बाजूला केला आणि टिपरू मारलं.

कातडं भिजलं होतं. आवाज आला तो ढोलाचा नव्हताच. खोल, जाड, पोटातून आल्यासारखा. तिला रडू आलं. तरी तिनं पुढचं मारलं, आणि त्याच्या पुढचं. ला बेर्मेहाची चाल साधी आहे, म्हाताऱ्या बैलाच्या चालण्यासारखी, पण ती दुसऱ्या कुणाची नाही. ती वाजवत चढायला लागली. वरून ब्रेसालचा ढोल तिच्या आवाजावर पाणी ओतत होता. त्याचा एक ठोका तिचे दोन खाऊन टाके. तिनं जीव खाऊन मारलं. काही उपयोग नाही.

आणि अचानक ब्रेसालचा ढोल थांबला.

डेल्मिराच्या हातातलं टिपरू क्षणभर वरच राहिलं. संपलं? पालखी पुढे गेली? पण पुढे गेली असती तर ढोल थांबला नसता, उलट दुप्पट चढला असता, साऱ्या डोंगराला सांगितलं असतं त्यानं. रेघेवर ढोल थांबत नाही. रेघेवर जो थांबला तो हरला, हे निकासियोला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. तरी तिकडे सगळं गप्प होतं. एवढी माणसं असून खोकलासुद्धा ऐकू येईना. त्या शांततेत तिला फक्त आपला श्वास ऐकू आला, आणि मग कळलं: तिकडेही आता फक्त तीच ऐकू येत असणार.

"वाजव," मागून वित्स्के म्हणाली. "थांबू नको."

तिनं वाजवलं. ठोका, ठोका, आणि मधली ती बैलाची ओढ. दोन फेऱ्या झाल्या असतील, आणि धुक्यातून ओब्दुलियाची बासरी आली, तिच्या ठोक्यावर बरोबर पाय ठेवत. मग ला बेर्मेहाच्या चिपळ्या. मग लोकांचा आरडाओरडा. डेल्मिरा रडत होती, नाक पुसायला हात मोकळा नव्हता, आणि ती टेकाडाच्या पलीकडच्या उतारानं राखेत घसरत, वाजवत, खाली निघाली. इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता, आणि तो कुणाचा वाटतोय हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं.

रेघेवर काय झालं होतं ते ओब्दुलियानं नंतर शंभर वेळा सांगितलं. पालखी आली तेव्हा उबाल्दो दगडावर चढून वाटेवर आडवे हात पसरून उभे. ब्रेसालच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, ढोल कुठाय? "येतोय." कुठून? "येतोय म्हटलं ना." बाजूला हो उबाल्दो, नियम तुलाही माहीत आहे. "मग न्या माझ्या अंगावरून." निकासियो वाजवतच होता. मग उबाल्दोंनी मान एका बाजूला कलवली. बाकी कुणाला काही ऐकू येत नव्हतं. पण निकासियो त्यांच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्यानं ढोलावर तळवा ठेवला. त्याचे स्वतःचे लोक त्याच्यावर ओरडले. त्यानं तळवा उचलला नाही. "गप्प बसा," तो म्हणाला. "ऐका."

डेल्मिरा धुक्यातून बाहेर आली ती गुडघ्यापर्यंत काळी, ढोलाला पिवळा रेनकोट लटकलेला, मागे दोन परके. ला बेर्मेहाचे लोक तिच्याकडे धावले. एवढंच करायचं होतं: वाजवत रेघेवर जायचं, निकासियोच्या तोंडावर आणखी दोन ठोके हाणायचे, पालखी घ्यायची. ब्रेसाल आधी थांबलं, हे शेकडो लोकांनी ऐकलं होतं. कुणाच्याही आठवणीत नसलेली गोष्ट आज ला बेर्मेहाच्या पदरात पडली होती.

डेल्मिरा रेघेवर गेली, निकासियोसमोर उभी राहिली, आणि थांबली. टिपरू खाली केलं. मान वाकवली.

दोन्ही ढोल गप्प. अशी रेघ कुणी पाहिली नव्हती. पालखीवाल्यांना कळेना, खांदा बदलायचा की नाही.

"आता तुला काय झालं?" निकासियो हळूच म्हणाला. "ठसका लागला?"

"तू का थांबलास?"

"हात दुखला."

"चाळीस बकऱ्या पिळणारा हात?"

"मग? माणूसच आहे ना. आणि हा ढोल आहे की भिजलेली पखाल? ऐकवत नव्हतं, म्हणून पुन्हा नीट ऐकलं."

"एकदम सुरू करू," ती म्हणाली. "दोघं."

दोघांनी एकदम सुरू केलं. त्याचा खणखणीत, तिचा जाड, आणि दोन चाली एकमेकींत अडखळत, सावरत राहिल्या. त्यात पालखी ब्रेसालच्या खांद्यावरून ला बेर्मेहाच्या खांद्यावर आली. उबाल्दो दगडावरून उतरले. सगळा टप्पा ते तिच्या बाजूनं चालले, थरथरती बोटं ढोलाच्या कडेवर टेकवून. पुढच्या रेघेशी तेवढं म्हणाले, "उतारावर एक ठोका खाल्लास."

"राखेत घसरले, बाबा."

"ऐकलं मी," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता, की डेल्मिराला दुसरीकडे बघावं लागलं.

संध्याकाळी वाल्वेर्देच्या चौकात पालखी पोचली. धुकं विरलं होतं, ऊन अजून भिंतींवर होतं. बाकं मांडली गेली, पिंपं उघडली गेली, आणि दरवेळचा प्रश्न सुरू झाला: कुठल्या रेघेवर कोण थांबलं? हार्मनं ऐकलं आणि विचारलं, "मग तुमच्या रेघेवर कोण जिंकलं?"

"आम्ही," ब्रेसालचा एक म्हातारा म्हणाला. "आम्ही आधी थांबलो."

लोकांना वाटलं, याला चढली. आधी थांबलो म्हणून छाती फुगवणारा माणूस बेटानं आजवर पाहिला नव्हता. पण बाजूच्या बाकावरून ओब्दुलियानं लगेच बासरी उगारली. "तुम्ही कसले थांबताय! थांबलो आम्ही. आमची डेल्मिरा मान वाकवून थांबली, सगळ्यांनी बघितलं."

"अगं पण आधी कोण? आमचा निकासियो!"

"निकासियोचा हात दुखत होता," डेल्मिरा शांतपणे म्हणाली. "त्यानंच सांगितलं. हात दुखून थांबणं मोजत नाहीत. दुखणाऱ्या हाताला काय, कुणीही थांबेल. मान देऊन आधी थांबली ती ला बेर्मेहा."

चौकात हशा पिकला. ब्रेसालचे सगळे निकासियोकडे वळले. "अरे, बोल ना! हात दुखत होता तुझा?"

निकासियो वाइनच्या पेल्यात बघत होता. डेल्मिरा त्याच्याकडे बघत होती, आणि आज सकाळपासून पहिल्यांदाच तिला घाई नव्हती.

"बोल की," ती म्हणाली. "गावाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

"नव्हता दुखत," निकासियो म्हणाला.

"मोठ्यानं. हार्मला ऐकू नाही आलं."

"नव्हता दुखत हात!" तो ओरडला, आणि लाल झाला. "म्हाताऱ्याला ऐकू येत होतं आणि मला येत नव्हतं. तुझा ढोल नीट ऐकू यावा म्हणून थांबलो. झालं समाधान?"

डेल्मिरा हार्म आणि वित्स्केकडे वळली, त्या दोघांना हाताला धरून उठवलं आणि निकासियोच्या बाकासमोर नेऊन उभं केलं. साबिनाच्या झाडासमोर उभं केलं होतं, पाणी देणाऱ्या झाडासमोर उभं केलं होतं, अगदी तसंच.

"बघून घ्या," ती म्हणाली. "हा एल ब्रेसालचा निकासियो. आमचा शेजारी. असा दुसऱ्या कुठल्या बेटावर नाही मिळायचा."

वित्स्के बघत राहिली. तिला हलवणं मुश्कील.

"बघून झालं असेल तर बसा आता," निकासियो कसाबसा म्हणाला आणि बाकावर सरकून जागा केली. "वाइन संपत आलीय."